मूर्तीचे हात कोणी तोडले?



नाताळच्या सुट्टीत माझी धाकटी बहीण, मेहुणे आणि त्यांची दोन मुले वसईहून माझ्याकडे आली होती. मुलांना बोटीत बसायचे होते, म्हणून आम्ही घारापुरीला जायचे ठरवले. (तुम्ही जाणार असाल तर सोमवारी लेणी बंद असतात, हे ध्यानात ठेवा.) गेटवे ऑफ इंडियाहून तासाभराची फेरी. १८ डिसेंबर २०२४ ची बोट दुर्घटना आठवून बहिणीच्या पोटात गोळा आला होता. तिने मुलांच्या जॅकेटचे पट्टे दोनदा ओढून पाहिले आणि वाटभर रोझरी म्हटली. मुलांना त्याचे काय! धक्क्यावर उतरल्यावर लहान आगगाडी, मग शंभराहून अधिक पायऱ्या, पायऱ्यांवर माकडे. त्यातल्या एकाने भाच्याच्या हातची सरबताची बाटली पळवली. त्याच्या दृष्टीने सहल तिथेच सार्थकी लागली.

भाची नऊ वर्षांची आहे. ती मात्र लेण्यात शिरली आणि गप्प झाली. दाराजवळच नटराजाचे मोठे शिल्प आहे. चेहरा शांत, अंगाला नृत्याचा डौल. पण बरेचसे हात तुटलेले, पायही गेलेले. ती बराच वेळ पाहत राहिली. मग मोठ्याने विचारले, “फादरमामा, याचे हात कोणी तोडले?”

उत्तर मला ठाऊक होते. पण आमच्या शेजारी एक वयस्कर बाई हात जोडून उभ्या होत्या, त्यांच्याबरोबर त्यांचे कुटुंब होते. माझ्या गळ्यात क्रूस. मी म्हणालो, “अगं, दीड हजार वर्षं झाली. पावसाचं पाणी झिरपतं, दगड झिजतो.”

हे खोटे नव्हते. तिथे पाणी खरोखरच झिरपते. पण तिने ‘कशाने’ असे विचारलेच नव्हते, तिने ‘कोणी’ असे विचारले होते. दहा मिनिटांनी एक गाईड दुसरा घोळका घेऊन आला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, “ही सगळी नासधूस पोर्तुगीजांनी केली. ख्रिश्चन होते ना!” भाचीने माझ्याकडे वळून पाहिले आणि हळूच विचारले, “म्हणजे आपण?”

या दोन शब्दांनी माझी सेमिनरीतली तत्त्वज्ञानाची सगळी वर्षे पणाला लावली. ‘आपण’ म्हणजे कोण?

आधी काय घडले ते पाहू. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्याबरोबरचा मुलूख पोर्तुगीजांच्या हवाली केला. घारापुरीही त्यांच्याकडे गेली. दारावर कोरीव अक्षरांची एक शिळा होती, ती त्यांनी काढून लिस्बनला राजाकडे पाठवली. ती कोणालाच वाचता आली नाही आणि पुढे ती हरवली, हे दियोगो द कौतो या पोर्तुगीज इतिहासकारानेच लिहून ठेवले आहे. म्हणजे हे लेणे कोणी कोरवून घेतले हे ज्या दगडाने कदाचित सांगितले असते, तोच गेला. सतराव्या शतकातले युरोपीय प्रवासीही पोर्तुगीजांनी मूर्ती विद्रूप केल्याचे लिहितात. सगळा हिशेब त्यांच्या एकट्याच्या नावावर टाकता येत नाही हेही खरे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ च्या आपल्या ग्रंथात, आत गुरे शिरून लेण्याचे नुकसान झाल्याचे नोंदवले आहे.

या ओर्ताविषयी थोडे विषयांतर करतो. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे खंडाने होते. टाउन हॉलच्या मागे त्याचा वाडा होता असे म्हणतात. त्याचे घराणे मूळचे ज्यू, बाप्तिस्मा घ्यावा लागलेले. तो वारल्यावर गोव्याच्या इन्क्विझिशनने त्याच्या बहिणीला जाळले आणि १५८० मध्ये त्याची हाडे उकरून तीही जाळली. लेण्याची हानी पाहून हळहळणारा हा माणूस पोर्तुगीज होता, आणि त्याची हाडे जाळणारेही पोर्तुगीजच. ‘पोर्तुगीजांनी केले’ या वाक्यात किती वेगवेगळी माणसे कोंबलेली असतात!

भाचीला देता येण्याजोगी दोन सोपी उत्तरे होती. पहिले: “आपला काय संबंध? ते परके होते, आपण इथलेच, मराठी बोलणारे.” यात तथ्य आहे. वसईचे आपले पूर्वज याच मातीतले. चारशे वर्षांपूर्वी कोणा शिपायाने उगारलेल्या हातोड्याचा दोष नऊ वर्षांच्या मुलीला कसा लागेल? यहेज्केल संदेष्ट्याने अठराव्या अध्यायात आंबट द्राक्षांची जुनी म्हण खोडून काढली आहे. बापाच्या पापाचा भार मुलावर नाही, ज्याचे पाप त्याच्यावर.

पण हे उत्तर देताना जीभ अडखळते, कारण एरवी आपण संबंध किती आनंदाने सांगतो! दादरचे चर्च १५९६ सालचे, फ्रान्सिस्कनांनी स्थापलेले, हे आपण पाहुण्यांना ऐटीत सांगतो. आजची वास्तू चार्ल्स कोरियांनी बांधलेली, तरी टॅक्सीवाल्याला ‘पोर्तुगीज चर्च’ म्हटले की पुरे. आपली आडनावे पाहा. माझ्या आजीच्या तोंडच्या प्रार्थनेत पोर्तुगीज शब्द होते. आणि श्रद्धा? तीही त्याच गलबतांतून आली. चर्च सांगताना ‘आमचे’ आणि फुटलेली मूर्ती दाखवली की ‘त्यांचे’, हा व्यवहार प्रामाणिक नाही. वडिलांची खोली हवी आणि वडिलांचे देणे नको, असे म्हणणाऱ्याला चाळीतसुद्धा कोणी मान देत नाही.

दुसरे सोपे उत्तर: “हो, आपणच. लाज वाटली पाहिजे.” हे ऐकायला फार नम्र वाटते, पण मला ते पटत नाही. न केलेल्या पापाचा पश्चात्ताप कोणालाच करता येत नाही. करायला गेलो तर नाटक होते. आणि मुलाच्या डोक्यावर असले ओझे ठेवले की ते एक तर स्वतःच्या घराचा तिरस्कार करू लागते, नाहीतर उलट फणा काढते. “मग आमच्या वसईच्या किल्ल्यातल्या चर्चेसचं काय?” हे भाचीने मला परतीच्या बोटीत विचारलेच. ती त्या पडक्या भिंतींत खेळलेली मुलगी. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, तिथल्या घंटा महाराष्ट्रातल्या देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराची घंटा प्रसिद्धच आहे. क्षणभर मलाही मोह झाला: त्यांची मूर्ती, आपली घंटा, फिट्टंफाट. पण घंटा गेली म्हणून नटराजाचा हात परत येत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर कार्ल यास्पर्स या जर्मन तत्त्वज्ञापुढे हाच प्रश्न होता. त्याची पत्नी ज्यू होती, त्यामुळे नाझी राजवटीत त्याने स्वतः खूप सोसले होते. १९४६ च्या त्याच्या पुस्तकात त्याने दोष आणि उत्तरदायित्व यांची गल्लत करू नका असे बजावले. गुन्ह्याचा दोष गुन्हेगाराचा. पण ज्या समाजाच्या नावाने गुन्हा झाला, त्यातल्या माणसाला त्याच्या परिणामांपासून अंग काढून घेता येत नाही. पवित्र शास्त्रातही यहेज्केलाइतकाच दानिएलही आहे. नवव्या अध्यायात तो बाबेलमध्ये बसून वाडवडिलांच्या पापांची कबुली देतो, आणि तेही ‘आम्ही’ म्हणून. तो स्वतः निर्दोष होता. तरी त्याने ‘ते’ म्हटले नाही.

१२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी सेंट पीटर बॅसिलिकात ख्रिस्तसभेच्या लेकरांनी केलेल्या पापांबद्दल देवाकडे क्षमा मागितली. तेव्हा ख्रिस्तसभेतच पुष्कळांना ते रुचले नव्हते: मेलेल्यांच्या वतीने क्षमा कशी मागायची, आणि विरोधकांच्या हाती कोलीत कशाला द्यायचे? पहिल्या शंकेचे उत्तर त्याआधी प्रसिद्ध झालेल्या धर्मपंडितांच्या निवेदनात आहे: दोष व्यक्तीचाच, पण जिवंत आणि मृत हे एकाच शरीराचे अवयव आहेत. दुसऱ्या शंकेचे उत्तर मात्र त्या निवेदनात मला मिळत नाही, कारण घारापुरीला मला तीच शंका आली होती. मी त्या बाईंना घाबरलो. हल्ली आपल्याविषयी काय काय बोलले जाते हे तुम्ही जाणता. अशा वेळी आपणहून ‘हो, ते ख्रिस्तीच होते’ म्हणायला धाडस लागते, आणि ते माझ्यापाशी नव्हते. ही मी स्वतःला दिलेली सवलत आहे, समर्थन नव्हे. गाईडने अर्धे सत्य सांगितले आणि मी दुसरे अर्धे. मुलीला पूर्ण कोणीच सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुलांना भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेले. तिथे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात घारापुरीचा तो दगडी हत्ती उभा आहे, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलेफंटा नाव दिले. १८६४ मध्ये इंग्रज तो विलायतेला नेऊ लागले तेव्हा उचलतानाच तो पडून फुटला. पुढे १९१४ च्या सुमारास तुकडे जोडून इथे उभा केला. जोड अजून दिसतात. भाची त्यांवरून बोट फिरवायला धावली, तिला आवरले. मग मी तिला सगळे सांगितले: शिळा कोणी नेली, मूर्ती कोणी विद्रूप केल्या, ओर्ताचे काय झाले, तिच्या किल्ल्यातल्या घंटा कुठे गेल्या. ते ख्रिस्ती होते, आपली श्रद्धा त्यांच्याबरोबर आली, आणि त्यांनी केले ते वाईट केले, हेही. शेवटी म्हणालो, “काल मी तुला नीट उत्तर दिलं नाही.”

“मला माहीत होतं,” ती म्हणाली. “तुम्ही आधी त्या आजींकडे बघितलंत.”

मग थोडे थांबून तिने विचारले, “आता पेंग्विन बघायला जाऊ या?”