आपण ‘नुसते’ प्रापंचिक?



पावसात लोकल बंद पडतात, फादरांना पोहोचायला उशीर होतो आणि मयताच्या घरी जमलेले आपण गप्प बसून राहतो. रोझरीला सुरुवात कोणी करायची? उत्तर ठरलेले असते, “आम्ही काय, प्रापंचिक माणसे!”

असा हा शब्द आपण माघार घेण्यासाठी वापरतो. इंग्रजी ‘लेमन’ची तीच गत. ज्याला त्या विषयातले कळत नाही तो लेमन! मुळात मात्र तसे नाही. हा शब्द ग्रीक ‘लाओस’वरून आला. लाओस म्हणजे लोक, प्रजा. संत पेत्र पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ख्रिस्ती लोकांना देवाची प्रजा म्हणतो, तेव्हा त्याच्या लेखणीतून हाच शब्द उतरतो. त्या प्रजेत बिशप, फादर, सिस्टर आणि आपण सारेच आलो.

आपल्या मराठी शब्दात प्रपंच आहे. प्रपंच एकीकडे आणि परमार्थ दुसरीकडे, असे आपण मानतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्तसभेविषयीच्या १९६४ च्या दस्तऐवजात प्रापंचिकांसाठी एक अख्खा अध्याय दिला. तो सांगतो की प्रपंच हीच आपल्या पाचारणाची जागा आहे. पिठात खमीर, तसे आपण जगात. पहाटेची टिटवाळा लोकल, ऑफिसातला हिशेब, सोसायटीतले पाण्याचे भांडण, हे आपले मळे. महागणपतीच्या या गावात शेजारी आपल्याला ओळखतात ते आपल्या वागण्यावरून.

याचा अर्थ धर्मगुरूंची जागा घ्यायची, असा नव्हे. मिस्साबली त्यांनीच अर्पण करायचा, पापांची क्षमा त्यांनीच द्यायची. परंतु तान्हे बाळ मरणाच्या दारी असेल आणि फादर जवळ नसतील, तर योग्य हेतूने, पाणी ओतून, पिता, पुत्र व पवित्र आत्म्याच्या नावाने कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो. एवढा विश्वास ख्रिस्तसभा आपल्यावर टाकते, आणि आपण रोझरी सुरू करायला कचरतो!

त्रावणकोरच्या राजदरबारी नोकरी करणारे, लग्न झालेले देवसहायम पिल्लई यांनी १७५२ साली श्रद्धेसाठी प्राण दिले. १५ मे २०२२ रोजी ते संत झाले, भारताचे पहिले प्रापंचिक संत.

तेव्हा पुढच्या वेळी दुःखी घरी शांतता पसरली, तर वाट पाहू नका. क्रुसाची खूण करा आणि सुरुवात करा.

प्रभो, तुझी प्रजा म्हणवून घेण्याचे धैर्य आम्हांला दे. आमेन.