करंडक आहे, गाणे नाही

अभिजीत सावंतचे नाव निघाले की मराठी घरांत हमखास विचारले जाते, ‘कुठे गेला रे तो?’ या प्रश्नात चौकशी थोडी आणि निकालच जास्त असतो. पोरगा जिंकला, पण पुढे काही जमले नाही, असा तो निकाल.

खरे तर तो कुठेही गेलेला नाही. ५ मार्च २००५ रोजी ‘इंडियन आयडॉल’चा पहिला विजेता ठरल्यावर त्याच वर्षी त्याचा ‘आपका अभिजीत सावंत’ हा अल्बम आला आणि ‘आशिक बनाया आपने’ या चित्रपटासाठी तो सुनिधी चौहानबरोबर गायला. २००७ मध्ये ‘जुनून’ हा दुसरा अल्बम आला. मग ‘नच बलिये’मध्ये तो पत्नीसह नाचला, २००९ मध्ये ‘लॉटरी’ या चित्रपटात त्याने अभिनय केला आणि २०२४ मध्ये ‘बिग बॉस मराठी’च्या पाचव्या पर्वात तो दुसरा आला. म्हणजे माणूस सतत काम करतो आहे. खटकते ते वेगळेच. ही यादी गायकाची म्हणून सुरू होते आणि टीव्हीवरच्या ओळखीच्या चेहऱ्याची म्हणून संपते.

याचा दोष सगळे त्याच्या गळ्याला, नशिबाला किंवा मेहनतीला देतात. मला ते मान्य नाही. या स्पर्धेचा साचा इंग्लंडच्या ‘पॉप आयडॉल’चा. तो ज्या बाजारासाठी घडवला होता, त्या बाजारात गायकाच्या नावावर अल्बम विकला जात होता. ‘अमेरिकन आयडॉल’ची पहिली विजेती केली क्लार्कसन २००२ मध्ये जिंकली, तेव्हा तिच्या हाती विजेत्यासाठी मुद्दाम रचलेले नवे गाणे होते आणि ते अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. २००४ च्या ‘ब्रेकअवे’ने तिला स्पर्धेच्या सावलीतून बाहेर काढले. २००७ मध्ये ‘माय डिसेंबर’ या अल्बमवरून कंपनीच्या बड्यांशी तिचे जाहीर वाजले. पण भांडायला का होईना, तिच्याकडे स्वतःची गाणी होती!

आपल्याकडे हा साचा आला तोवर दुकान बंद होत आले होते. १९९५ मध्ये अलिशा चिनॉयचे ‘मेड इन इंडिया’, मग लकी अली, कलोनियल कझिन्स. चित्रपटाबाहेरच्या गाण्याला तेव्हा चेहरा होता, व्हिडिओ होता, कॅसेट विकत घेणारे गिऱ्हाईक होते. पुढच्या दहा वर्षांत चोरट्या सीडी आणि एमपीथ्रीने विक्री खाल्ली. संगीत वाहिन्यांनाही चित्रपटांच्या जाहिरातींसाठी आलेली गाणी दाखवणे सोयीचे वाटू लागले. नेमक्या त्या वेळी आपण देशभर मते मागून पॉप गायक निवडला. त्याचा पहिला अल्बम गाजला तो स्पर्धेच्या धगीवर. ती धग ओसरल्यावर दुसऱ्याला आधार द्यायला बाजारच नव्हता.

मग या कार्यक्रमाने विकले काय? जाहिराती आणि एसएमएस. मत देणारा रसिक असतोच असे नाही. ‘इंडियन आयडॉल’च्या २००७ च्या पर्वात प्रशांत तमांग या कोलकाता पोलिसांतल्या शिपायाच्या मागे दार्जिलिंगचे डोंगर उभे राहिले ते गोरखा अस्मितेसाठी. त्या लाटेवर बिमल गुरुंग यांचे राजकारण उभे राहिले आणि त्याच वर्षी गोरखा जनमुक्ती मोर्चा स्थापन झाला. एका गाण्याच्या स्पर्धेतून पक्ष निघाला, पण तमांगच्या गाण्यांना कायमचा श्रोता मिळाला नाही. वाहिनीचा हिशेब महाअंतिम फेरीच्या रात्रीच पूर्ण होतो. पुढच्या पर्वाला नवा चेहरा लागतो, आणि जुना विजेता विस्मरणात गेलेलाच सोयीचा असतो.

उरतो तो चित्रपट. तिथे आवाज दुसऱ्याच्या ओठांवर जातो. एकच गाणे तीन-चार जणांकडून गाऊन घ्यायचे आणि शेवटी एक ठेवायचे, ही पद्धत तिथे रुळलेली आहे. चेहऱ्याच्या प्रसिद्धीला ध्वनिमुद्रणाच्या खोलीत किंमत नाही. अरिजित सिंग २००५ च्या ‘फेम गुरुकुल’मध्ये हरला आणि ‘आशिकी २’ने २०१३ मध्ये घराघरांत पोहोचला. ही गोष्ट लोक ‘हरण्यातच खरा विजय’ अशा सुरात सांगतात. तो सूर मला फार गोड वाटतो. मधली बरीच वर्षे त्याने संगीतकारांच्या हाताखाली स्टुडिओत काढली, ध्वनिमुद्रणाचे काम शिकला. नुकत्याच जिंकलेल्या मुलाला ही उमेदवारी करायला सवड कोण देणार? त्याच्यापुढे करार, दौरे आणि सुपाऱ्या रांगेत उभ्या असतात.

कोणी सुनिधी चौहान आणि श्रेया घोषाल यांची नावे पुढे करील. त्या जिंकल्या आणि टिकल्याही. पण ‘मेरी आवाज सुनो’ आणि जुने ‘सा रे ग म’ यांत निवड जाणकारांच्या हाती होती, आणि तिथून वाट थेट पार्श्वगायनाकडे जात होती. पॉप तारा घडवण्याचा दावा त्यात कोणी केला नव्हता.

मराठीत मात्र एक वेगळा अनुभव आहे. २००८-०९ च्या ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’मधून कार्तिकी गायकवाड जिंकली. तिच्यासह आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन आणि रोहित राऊत हे पाचही जण आज गाण्यावर उभे आहेत. २०२१ मध्ये ते त्याच मंचावर परीक्षक म्हणून बसले. मराठी प्रेक्षक जास्त रसिक आहे, अशी पाठ थोपटून घ्यायचे कारण नाही. आपल्याकडे गणेशोत्सव आहे, दिवाळी पहाट आहे, नाट्यगृहांत तिकीट लावून होणारे अभंगाचे, नाट्यगीतांचे, भावगीतांचे कार्यक्रम आहेत. ही व्यवस्था वाहिनीच्या आधीची आहे आणि वाहिनीवाचून चालते. पैसा बेताचा, पण सातत्याचा. बक्षिसाची रक्कम संपल्यावर मुलांना परतायला ही जागा होती. हिंदी पॉप गायकाला ती नव्हती.

तरीही या सुस्थितीत एक मेख आहे. या कार्यक्रमांत बहुतेक गाणी दुसऱ्यांची, तीही गाऊन गाऊन झिजलेली. स्पर्धेत लता-आशा, बाबूजी, वसंतराव हुबेहूब उतरवल्याबद्दल शाबासकी मिळते आणि पुढे सभागृह तेच मागत राहते. पंचविशी ओलांडलेल्या गायिकेला दहाव्या वर्षी गायलेल्या गाण्याची फर्माईश येते. तिने नवी चाल सुरू केली की मागच्या रांगांत मोबाइल उजळतात. कायदाही तिच्या मदतीला फारसा येत नाही. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क भक्कम केला. गायकांनीही आपली संघटना काढली, पण त्यांची पोळी अजून मुख्यतः मंचावरच भाजते. म्हणून मंचावर काय मागितले जाते याला महत्त्व आहे.

वाहिन्यांनी करंडक आणि मोटार देण्याऐवजी विजेत्याला चांगल्या कवी-संगीतकारांकडून दहा नवी गाणी करून द्यावीत आणि वर्षभर ती वाजवावीत. गल्ला भरला की खेळ संपवणारे हे आपणहून करतील, अशी आशा मी ठेवत नाही. प्रेक्षक मात्र एवढे नक्की करू शकतात: तिकीट काढून जा, नवे गाणे पूर्ण ऐका, आवडले तर त्यालाच वन्स मोअर द्या, आणि जुन्याची फर्माईश मध्यंतरापर्यंत खिशात ठेवा.