हिशेबात न धरलेले हात

घरातले एखादे यंत्र जुने झाले, कुरकुरू लागले, की आपण दोनच प्रश्न विचारतो. दुरुस्तीला किती लागतील आणि नवे केवढ्याला पडेल? या दोन आकड्यांची वजाबाकी केली की निर्णय झाला असे आपण समजतो. या लेखात आम्हाला भांडी धुण्याच्या यंत्राविषयी, म्हणजे सगळे ज्याला डिशवॉशर म्हणतात त्याविषयी बोलायचे आहे. समाजापुढे एवढे मोठे प्रश्न उभे असताना हा विषय कशाला, असे कोणी विचारील. पण नीतिविचार काही मोठ्या प्रसंगांसाठी राखून ठेवायचा नसतो. खरकट्या भांड्यांच्या ढिगाशी उभे राहिल्यावरही तो लागतो, आणि तिथेच तो बहुधा आपल्याजवळ नसतो.

या यंत्राचा इतिहास बोलका आहे. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या जोसेफिन कॉक्रेन या बाईंनी १८८६ साली आपल्या यंत्राचे पेटंट मिळवले आणि १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते लोकांसमोर मांडले. नोकरांच्या हातून चिनी मातीच्या उंची भांड्यांचे टवके उडत, म्हणून त्यांना असे यंत्र हवेसे वाटले, असे सांगतात. म्हणजे काळजी होती ती भांड्यांची. भांडी घासणाऱ्या हातांचा विचार नंतर आला.

आपल्याकडच्या फ्लॅटांत हे यंत्र खऱ्या अर्थाने शिरले ते २०२० साली. त्या वर्षी २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. सोसायट्यांनी कामवाल्या बायांना फाटकाबाहेरच थांबवले. सगळे कुटुंब दिवसभर घरात, तीन वेळचे खाणे घरात, आणि भांडी सुनेच्या, आईच्या, बहिणीच्या वाट्याला. मग मुंबई-पुण्याकडच्या अनेक कुटुंबांनी हप्त्यांवर यंत्र घेतले. मुंब्रा, मीरा रोड, कोंढवा इथल्या आपल्या घरांतही ते आले. त्या वेळी घेतलेल्या यंत्रांनी आता पाच वर्षे ओलांडली आहेत. त्यामुळे दुरुस्त करावे की बदलावे, हा प्रश्न आता घरोघरी निघू लागला आहे.

निर्णयाआधी निदान हवे. बोअरवेलचे किंवा टँकरचे जड पाणी वापरले की हीटरवर चुन्याचा थर बसतो. पाणी मऊ करण्यासाठी यंत्रात जे मीठ घालायचे असते, ते घालायला आपण विसरतो. भाताची शिते, हाडांचे तुकडे, मसाल्याचा गाळ जाळीत अडकतो. पाणी फेकणाऱ्या फिरत्या पात्यांची भोके बुजतात. दाराचे रबर चिरते, पाणी बाहेर टाकणारा पंप थकतो, उंदीर नळी कुरतडतात. विजेचा दाब वरखाली झाला की मिस्त्री येऊन सांगतो, "कार्ड उडाले." यांतल्या निम्म्याअधिक तक्रारींना बिघाड म्हणणेही बरोबर नाही, त्या साफसफाईच्या आहेत. जाळी धुतली, मुडपलेली नळी सरळ केली, तर 'मेलेले' यंत्र पुन्हा चालू लागते. नेमके काय बिघडले हे न पाहताच 'आता जुने झाले, काढून टाका' म्हणणे हा आळस आहे, आणि आळसाला व्यवहारज्ञानाचे नाव देणे बरे नव्हे.

निदान झाले, आणि खरोखरच एखादा मोठा भाग गेला आहे असे दिसले, तर काय करावे? यावर व्यवहारी माणसांचा एक ठोकताळा आहे. असे यंत्र साधारण दहा वर्षे चालते असे धरतात. निम्मे आयुष्य सरले असेल आणि दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्या किमतीवर जात असेल, तर नवे घ्यावे. ठोकताळा वाईट नाही. पण त्यातले आकडे कोठून येतात, हे पाहायला हवे.

आपल्या घरातल्या तांब्याच्या डेगचीचे उदाहरण घ्या. तिची कल्हई झिजणार हे ती घडवणाऱ्या तांबटाला ठाऊक होते आणि विकत घेणाऱ्यालाही. ठरावीक काळाने कल्हईवाला मोहल्ल्यात येई, भट्टी पेटवी, भाता चालवी, तापलेल्या भांड्यात नवसागर टाकून कापसाच्या बोळ्याने कथील फिरवी, आणि डेगची पुन्हा चकचकीत होई. दुरुस्ती हा त्या भांड्याच्या वापराचाच एक भाग होता. तिला कोणी बिघाड म्हणत नसे. आजच्या यंत्राची घडण याच्या उलट आहे. पुष्कळशा नव्या यंत्रांत पाणी तापवणारा हीटर आणि पाणी फिरवणारा पंप एकाच जोडणीत बसवलेले असतात. हीटर गेला तरी सगळा जोड बदलावा लागतो. त्या जोडाची किंमत बहुधा तोच ठरवतो, जो आपल्याला नवे यंत्र विकायला बसलेला आहे. म्हणजे 'दुरुस्ती परवडत नाही' हा निष्कर्ष आपण काढण्याआधीच कारखान्यातल्या आराखड्यावर लिहून झालेला असतो.

हे जगाच्या लक्षात येऊ लागले आहे. युरोपीय संघात मार्च २०२१ पासून नियम आहे की, डिशवॉशरचे मॉडेल बाजारातून गेल्यावरही त्याचे सुटे भाग, भागाच्या प्रकारानुसार, सात किंवा दहा वर्षे मिळाले पाहिजेत. २०२४ मध्ये त्या संघाने दुरुस्तीच्या हक्काविषयी वेगळा निर्देशही मंजूर केला. आपल्या केंद्र सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केले. हे सारे स्वागतार्ह आहे. पण पोर्टल काही स्क्रू फिरवत नाही. स्क्रू फिरवणारा माणूस गल्लीतलाच असावा लागतो.

आणि त्या माणसाशी आपण कसे वागतो? मोटार वाइंडिंग, फ्रिज, एसी, वेल्डिंग, गाड्यांची कामे. आपल्यापैकी कितीतरी घरांची चूल याच कारागिरीवर पेटलेली आहे. चाचा-मामांपैकी एखादा तरी मिस्त्री नाही असे घर विरळाच. तरीही शोरूममध्ये छापील किमतीपुढे मान तुकवणारे आपण, दोन तास गुडघ्यांवर बसून पंप बदलणाऱ्या मिस्त्रीशी मात्र दोनशे रुपयांसाठी घासाघीस करतो. वस्तूची किंमत आपल्याला खरी वाटते आणि हुन्नराची किंमत जास्त वाटते. मग पुढची पिढी हा हुन्नर शिकत नाही आणि 'हल्ली चांगले मिस्त्री मिळत नाहीत' असे आपणच म्हणतो. दुरुस्तीच्या बाजूने विचार करताना हे लक्षात ठेवावे, की त्या कामाचा योग्य मोबदला देण्याची तयारी नसेल तर दुरुस्तीचे गुणगान पोकळ आहे.

दुसरे हात आपल्याला दिसतच नाहीत. 'एक्स्चेंज'मध्ये जुने यंत्र काही रुपयांना जाते आणि टेम्पो वळणाआड गेला की आपल्या लेखी ते संपते. प्रत्यक्षात तिथून त्याचा दुसरा प्रवास सुरू होतो. संयुक्त राष्ट्रांशी संबंधित संस्थांच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला, आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापराकडे गेल्याची नोंद आहे. उरलेल्यातला बराचसा भंगारवाल्यांच्या हातांनी फोडला जातो. दिल्लीचे सीलमपूर, उत्तर प्रदेशातील मुरादाबाद ही नावे या कामासाठी ओळखली जातात. पितळेच्या नक्षीकामासाठी ज्याची कीर्ती, त्या मुरादाबादेत माणसांनी सर्किटच्या पट्ट्या जाळून धातू वेगळा काढण्याचे काम पत्करले. तो धूर कोणाच्या छातीत जातो, हे आपल्या वजाबाकीत कुठेच येत नाही. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत आणि त्यांत उत्पादकांवर जबाबदारी टाकलेली आहे. पण आपले यंत्र अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे जाणार की मिळेल त्या टेम्पोत, हे बहुतेक वेळा आपल्याच दारात ठरते.

इथवर वाचून कोणाला वाटेल की आमचा कौल दुरुस्तीच्या बाजूने पडला. तसा तो सरसकट पडत नाही. कारण तिसरे हात अजून यायचे आहेत, आणि ते आपल्याच घरातले आहेत.

यंत्र बंद पडले. मिस्त्री म्हणाला, सुटा भाग मागवावा लागेल, पंधरा दिवस लागतील. पंधराचे तीस झाले. त्या महिनाभरात दिवाणखान्यात बसलेले कर्ते पुरुष सांगत असतात, "उगाच नवे कशाला? थोडा धीर धरा, किफायतीने राहावे." इकडे ईदची दावत उरकते, तुपाने माखलेली पातेली, लगन, तीस ताटे आणि चाळीस ग्लास घेऊन भाभी रात्री एकपर्यंत सिंकशी उभी असते. ही किफायत कोणाच्या पाठीवर चालली आहे? आपल्या बोलण्यात तीन शब्द नेहमी येतात: किफायत, कंजुषी आणि फिजूलखर्ची. आम्हाला वाटते, किफायत आणि कंजुषी यांतला फरक रकमेत नसतो, तर काटकसरीचा त्रास कोण सोसतो यात असतो. स्वतः त्रास काढून वाचवले तर ती किफायत. दुसऱ्याला राबवून वाचवले तर ती कंजुषी, मग वाचलेली रक्कम कितीही असो.

चौथे हात त्या बाईचे, जिला २०२० साली फाटकावर थांबवले होते. काही घरांनी तिचा पगार त्या महिन्यांतही पोहोचवला, पुष्कळांनी नाही. नंतर यंत्र आले आणि तिचे काम निम्मे झाले किंवा सुटले. आपल्या बोलण्यात 'मशीन बदलले' आणि 'बाई बदलली' ही दोन्ही वाक्ये एकाच सुरात येतात, हे कानाला खटकायला हवे. आता यंत्र अडले की तिलाच निरोप जातो, "मावशी, मशीन दुरुस्त होईपर्यंत चार दिवस याल का?" म्हणजे ती आपल्या लेखी यंत्राचा सुटा भाग झाली, गरजेपुरता बसवायचा आणि काढून ठेवायचा. महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ सालीच झाला. कायद्याने तिला कामगार म्हटले. आपण अजून तसे म्हणत नाही. यंत्र नको, बाईच बरी, असे आमचे म्हणणे नाही; कोणाचेही आयुष्य दुसऱ्याची खरकटी काढण्यात जावे यात भूषण कसले? पण अडीनडीला तिला बोलवायचे असेल तर अडीनडीचा दर द्यावा, आणि परत पाठवताना तिचा महिना मोडत नाही ना हे पाहावे.

आणखी एक मुद्दा जुन्या वस्तूंच्या मायेचा. ग्रीक लेखक प्लुटार्कने थीसियसच्या जहाजाचा पेच सांगितला आहे. कुजलेली फळी काढून नवी बसवायची, असे करता करता सगळ्याच फळ्या बदलल्या, तर ते जहाज तेच राहिले का? दादीच्या डेगचीबाबत हा पेच खरा आहे. तिच्या काठावर दादीचे नाव कोरलेले असते, आणि कितीही वेळा कल्हई केली तरी ती दादीचीच राहते. डिशवॉशरवर असे कोणाचे नाव नसते. त्याने काम हलके करावे एवढ्यासाठीच ते घरात आहे. म्हणून त्याला मायेपोटी सांभाळण्याचे कारण नाही, तसे नव्याच्या हौसेपोटी काढून टाकण्याचेही नाही.

मग निर्णय कसा करावा? आम्ही एवढेच सुचवू, की प्रश्नांचा क्रम बदलावा. किती लागतील हे शेवटी विचारावे. यंत्र बंद असताना भांडी कोण धुणार, हे आधी विचारावे, आणि जो धुणार त्याच्या मताला सर्वांत जास्त वजन द्यावे. दिवाणखान्यातल्यांना दुरुस्तीची वाट पाहायचीच असेल, तर तेवढे दिवस त्यांनी बाह्या सरसावून सिंकशी उभे राहावे; तसे उभे राहिल्यावरही 'थांबू या' असेच वाटत असेल, तर ते मत प्रामाणिक आहे. त्यानंतर बिघाड नेमका कोणता, भाग मिळतो का, मिस्त्रीला त्याचे पुरे पैसे देणार का, हे पाहावे. ही उत्तरे अनुकूल असतील तर चार पैसे जास्त गेले तरी दुरुस्ती करावी. नसतील तर नवे घ्यायला संकोच करू नये; मात्र घेताना सुटे भाग किती वर्षे मिळतील हे दुकानदाराला विचारावे आणि जुने कोणाच्या हाती जाणार हे ठरल्याशिवाय दाराबाहेर काढू नये.

एवढे करूनही प्रत्येक घराचे उत्तर वेगळे येईल. कुठे साठ रुपयांच्या रबरावर काम भागेल, कुठे नवे यंत्र येईल, कुठे दोन मुलगे आणि त्यांचे अब्बा मिळून भांडी विसळू लागतील आणि यंत्राचा प्रश्न काही काळ पुढे जाईल. आम्हाला यांतले कोणतेही उत्तर चालेल. ते ठरवताना स्वयंपाकघरात कोणाला विचारले होते का, एवढेच आम्ही पाहू.