बरा होणारा कर्करोग आणि परळचा फुटपाथ

मुंबईत परळला हाफकिन संस्था आणि टाटा मेमोरिअल रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहेत. 1928 साली लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली, ती गिरणीकामगार बायकांना गरोदरपणात होणाऱ्या रक्तक्षयाचा छडा लावायला. हाफकिनमधल्या प्रयोगांतून तिला दिसलं, की यीस्टच्या अर्काने, म्हणजे साध्या मार्माइटने, या बायकांचं रक्त सुधारतं. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला.

बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी हेच जीवनसत्त्व ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, झालेल्या मुलांना देऊन पाहिलं, तर रोग अधिकच फोफावला. मग त्यांनी उलटी चाल खेळली: पेशींची फॉलिक ॲसिडची वाटच अडवायची. त्यासाठी लागणारं अमिनोप्टेरिन आलं आंध्रातल्या भीमावरमला जन्मलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूकडून. 1948 साली फार्बरनी 16 मुलांचा अनुभव छापला. 10 जणांत रोग हटला होता, पण काही महिन्यांपुरताच. याच औषधाचं भावंड मेथोट्रेक्सेट आजही दिलं जातं. जोडीला असतं व्हिनक्रिस्टिन, आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून निघालेलं.

म्हणजे मुख्य औषधं जुनी आहेत आणि त्यांतली बरीचशी फार महागही नाहीत. तरीही श्रीमंत देशांत लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाची दहापैकी नऊ मुलं वाचतात आणि आपल्याकडे तेवढी वाचत नाहीत. हा फरक औषधाच्या बाटलीत शोधून सापडणार नाही.

1984 पासून टाटासह देशातल्या तीन केंद्रांनी ‘एमसीपी-841’ ही एकच ठरीव उपचारपद्धती राबवली. 20 टक्क्यांच्या आसपास असलेलं जगण्याचं प्रमाण 40 ते 60 टक्क्यांच्या घरात गेलं. नवं औषध शोधून नव्हे, आहेत तीच औषधं ठरल्या वेळापत्रकाने नेटाने देऊन. बरीच मुलं तेव्हाही गेली, ती पुष्कळदा जंतुसंसर्गाने. केमोने पांढऱ्या पेशी तळाला जातात, आईबापांच्या भाषेत ‘काउंट पडतात’, आणि त्या दिवसांत साधा तापही जीवघेणा ठरतो. ताप आल्यावर काही तासांत अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. ज्याचं गाव तालुक्यापासूनच दोन एसटी दूर आहे, त्याने ते कसं साधायचं?

खरी मेख पुढे आहे. पहिल्या महिनाभरातच बहुतेक मुलांच्या रक्तात रोग दिसेनासा होतो. पोर खेळायला लागतं, जेवायला लागतं. घरी पेरणी खोळंबलेली, धाकटं आजीपाशी, उधारी वाढलेली. बापाला वाटतं, झालं बरं. पण उपचार दोन-अडीच वर्षांचे असतात, शेवटचा मोठा टप्पा तर मुख्यतः गोळ्यांचा. तो सुटला की दडून बसलेल्या पेशी परततात. अशा बापाला अडाणी म्हणणं सोपं आहे. त्याच्या जागी हिशेब करणाऱ्या कुणालाही तेच सुचलं असतं.

वर्तमानपत्रांत मथळा मिळतो तो बोन मॅरो ट्रान्सप्लांटला. 1983 साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी टाटात देशातलं पहिलं प्रत्यारोपण केलं, ती कामगिरी मोठीच. पण लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या बहुसंख्य मुलांना त्याची गरजच पडत नाही. रोग उलटला किंवा मुळातच चिवट असला, तर ते लागतं. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकारात गोष्ट वेगळी. तिथे दर काही आठवड्यांनी रक्त चढवायचं आणि साचलेलं लोह औषधाने काढायचं, हे जन्मभराचं रहाटगाडगं प्रत्यारोपणाने थांबू शकतं. त्यासाठी सख्ख्या भावंडाचं एचएलए, म्हणजे पेशींवरची ओळखखूण, पूर्ण जुळण्याची शक्यता 25 टक्के. आणि आईबाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यताही 25 टक्केच! लग्नाआधी किंवा गरोदरपणाच्या सुरुवातीला एक रक्ततपासणी केली, तर वाहक असल्याचं कळतं. पत्रिका जुळवणाऱ्या घरांत ही तपासणी अजून ‘अपशकुनी’ वाटते, हे नवलच.

टाटाच्या आसपासच्या फुटपाथवर प्लास्टिक ताणून राहिलेली कुटुंबं परळकरांच्या सवयीची झाली आहेत. काउंट पडलेलं पोर तिथे धुळीत झोपतं आणि रुग्णालयाने निगुतीने दिलेली केमो त्या धुळीपुढे हरू शकते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशांना आसरा देत आली आहे. 2006 पासून ‘सेंट ज्यूड इंडिया’ने खास कर्करोगग्रस्त मुलांच्या कुटुंबांसाठी मोफत खोल्या सुरू केल्या, स्वयंपाकाची सोय असलेल्या. सरकारी योजनेतून केमोचं बिल भागू शकतं. पण खोलीचं भाडं, गावाहून येण्याचं तिकीट आणि बुडालेली मजुरी यांना आपण अजून दानधर्माच्या खात्यात टाकतो. त्यांची जागा औषधांच्याच यादीत आहे, मेथोट्रेक्सेटच्या खालच्या ओळीत.