आधी शेत, मग पाहुणा

शहराला कंटाळून इटलीतल्या एखाद्या खेड्यात निवांत राहावे ही हौस आजची नाही. ती दोन हजार वर्षे जुनी आहे आणि तिची थट्टाही तितकीच जुनी. रोमन कवी होरेसच्या एका कवितेत खेड्यातल्या जगण्याचे गोडवे गायले जातात: वाडवडिलांची जमीन, स्वतःचे बैल, डोक्यावर कर्ज नाही, झाडाखाली हवे तेव्हा आडवे व्हावे. वाचणारा गुंगत जातो, आणि शेवटी कळते की हे सगळे बोलतोय आल्फियस नावाचा सावकार. आता शेतकरीच होणार म्हणून त्याने महिन्याच्या मध्याला सगळी येणी वसूल केली. पुढच्या पहिल्या तारखेला तोच पैसा पुन्हा व्याजी लावायला निघाला. या सावकाराच्या सुखांच्या यादीत एक सुख असेही आहे, की संध्याकाळी थकलेले बैल उलटा नांगर ओढत घरी परतताना पाहावेत.

इटलीतला विसावा समजून घ्यायचा तर या थकलेल्या बैलांपासून सुरुवात करावी लागते. पाहुण्याला तिथे जी शांतता मिळते ती रिकाम्या जागेची शांतता नव्हे. शेजारी कुणाचे तरी काम चालू असते आणि त्या कामाला आपली गरज नसते, एवढेच तिचे रहस्य.

धाकट्या प्लिनीला हे कळले होते, जरा नाइलाजानेच. इसवी सन 100 च्या आसपास या रोमन वकिलाचा प्रशस्त वाडा वरच्या टायबर खोऱ्यात, ॲपेनाइन डोंगरांच्या पायथ्याशी होता. तिथे औपचारिक टोगा नेसावा लागत नाही, शेजारी बोलावत नाहीत, असे तो मित्राला कौतुकाने कळवतो. पण दुसऱ्या एका पत्रात तक्रार आहे, की मनासारखे राहायला आलो तर गावकरी अर्ज-तक्रारी घेऊन चारी बाजूंनी येतात. कुळांची थकबाकी फिटेना, तेव्हा जमिनी रोख खंडाऐवजी पिकाच्या वाट्यावर द्याव्यात आणि राखणीला आपली माणसे ठेवावीत, असाही विचार त्याने लिहून ठेवला आहे.

वाट्याची ही पद्धत पुढे मध्य इटलीत मूळ धरून बसली. मेझ्झाद्रिया तिचे नाव. आपल्या अर्धेलीची बहीण. टस्कनी, उंब्रिया, मार्के या भागांत घर आणि जमीन मालकाची, राबणूक कुळाच्या अख्ख्या कुटुंबाची, उत्पन्न निम्मे-निम्मे. सणाला कोंबडे आणि अंडी मालकाच्या वाड्यावर पोचवायची. घरात लग्न ठरवायचे तरी मालकाचा होकार घ्यायचा, कारण लग्नाने राबणारे हात वाढत किंवा कमी होत.

आज पाहुणे ज्या दगडी घरांत उतरतात ती याच कुळांची. खाली गोठा, बाहेरून जिना, वर माणसे. थंडीत पांढऱ्या कियानीना बैलांची ऊब जमिनीतून वर येई. आता त्या गोठ्यात जेवणाची टेबले मांडलेली असतात, आणि कुठे कुठे भिंतीला गव्हाण अजून तशीच असते. बाहेरचा तो प्रसिद्ध देखावासुद्धा, म्हणजे द्राक्षवेलींच्या रांगा, मध्ये गहू, बांधावर ऑलिव्ह, कुणी शोभेसाठी मांडला नव्हता. एकाच तुकड्यात भाकरी, दारू आणि तेल तिन्ही पिकवल्याशिवाय कुटुंबाचे भागत नव्हते.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही घरे ओस पडली. तरुण मंडळी तुरीन आणि मिलानच्या कारखान्यांत, प्रातोच्या कापडगिरण्यांत गेली. ज्या निवांतपणासाठी आज लोक पैसे मोजतात, त्याच्यापासूनच ती पळाली होती. 1964 मध्ये मेझ्झाद्रियाचे नवे करार कायद्याने बंद झाले. तोवर कित्येक घरांची कौले खाली आली होती.

मग 1985 मध्ये इटलीने ॲग्रीतुरिझ्मोचा, म्हणजे शेतावरच्या पर्यटनाचा, कायदा केला. 2006 मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. या नव्या कायद्याचे मर्म एका अटीत आहे: पाहुणे ठेवण्याचा हक्क शेतकऱ्यालाच, आणि शेती हाच त्याचा मुख्य धंदा राहिला पाहिजे. मुख्य कोणता हे ठरवताना प्रामुख्याने कामाचे तास बघतात. दहापेक्षा जास्त पाहुणे नसतील तर शेतीच मुख्य असे धरून चालतात. ताटात येणारे बरेचसे घरचे किंवा त्याच भागातले असावे लागते. पाहुण्याला दुय्यम ठरवणारा हा कायदा मला अत्यंत शहाणपणाचा वाटतो. हॉटेलात आपण यजमानाचे काम असतो. इथे यजमानाला आपल्याखेरीज दुसरे काम असते आणि म्हणून आपण मोकळे.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हे डोळ्यांनी दिसते. ऑलिव्हच्या झाडाखाली जाळ्या अंथरतात, लहान हातपंज्यांनी फांद्या विंचरतात, फळे टपटप खाली पडतात. ढिगात ती तापू लागली की तेल बिघडते, म्हणून शक्यतो त्याच दिवशी घाण्यावर न्यायची घाई. कुणाला तुमच्याशी गप्पा मारायला सवड नसते. रात्री मात्र निखाऱ्यावर भाजलेल्या अळणी पावावर लसूण घासून नवे तेल ओततात. ते हिरवे असते, आणि घशात चक्क ठसका लागेल इतके तिखट.

महाराष्ट्रानेही 2020 मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण आणले. आपल्याकडची हुरडा पार्टी याच जातीची: ज्वारीचे कणीस कोवळे असेल तेव्हाच पाहुणा येणार. रेन डान्सला मात्र कुठलाही महिना चालतो, आणि तिथेच शेत संपते.

इटलीत जाणार असाल तर खोली ठरवण्याआधी यजमानाला एकच विचारा: त्या आठवड्यात शेतात काय चालू असेल? उत्तरात नुसता पोहण्याचा तलाव आला तर दुसरे घर बघा. आणि गाडीची सोय आधी करून ठेवा. अशा बहुतेक शेतांपर्यंत बस जात नाही.