पुढे गेलेला वाचक

टॉलस्टॉयच्या ‘युद्ध आणि शांती’ची प्रकरणे ३६१. रोज एक वाचले तर जवळजवळ वर्ष जाते. गटाने वाचताना सगळे एकाच पानावर क्वचितच असतात. आंद्रेईशी ठरलेले लग्न मोडून नताशा अनातोलबरोबर पळून जायला निघते, तिथे पोचलेला वाचक तिच्यावर संतापतो. शेवट वाचून बसलेला शांतपणे म्हणतो, ‘ते व्हायचेच होते.’

यांतला न्यायी कोण? उपसंहाराच्या दुसऱ्या भागात टॉलस्टॉय म्हणतो, की कृत्य जवळचे असेल तर ते स्वेच्छेने केलेले वाटते. काळ लोटला, परिणाम दिसले, की तेच अटळ भासू लागते. तसे असेल तर पुढे गेलेल्याची क्षमा हा केवळ अंतराचा परिणाम असू शकतो. रागावलेला वाचक निदान एवढे मानतो, की नताशाला वेगळे वागता आले असते.

१८१२ साली मॉस्को सोडून निघालेल्यांनाही नेपोलियन माघार घेईल हे ठाऊक नव्हते. माणसाला निर्णय असेच, शेवट न कळता घ्यावे लागतात. म्हणून पुढच्याने गप्प राहावे आणि मागच्याला नताशाचा निवाडा स्वतः करू द्यावा, चुकला तरी. पुढे कधी त्याने तिला क्षमा केलीच, तर ती त्याची स्वतःची असेल.