असं झालं तं?

फेब्रुवारीच्या शेवटी शाळांत दोन दिवस लागोपाठ येतात. 27 तारखेला कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी मराठी भाषा गौरव दिन, आणि 28 ला रामन परिणामाच्या शोधाची आठवण म्हणून राष्ट्रीय विज्ञान दिन. पहिल्या दिवशी मराठीच्या बाई हस्तलिखिताचं प्रकाशन करवून घेतात. दुसऱ्या दिवशी विज्ञानाचे सर बाक जोडून त्यावर ज्वालामुखी, ठिबक सिंचन आणि पवनचक्की मांडतात. अमरावती असो की अकोला, दोन्ही दिवस उत्साहाने पार पडतात. पण बाईंचा आणि सरांचा एकत्र असा कार्यक्रम क्वचितच होतो. विज्ञानकथा नेमकी तिथे अडकते. बाईंना ती विज्ञानाची वाटते, सरांना गोष्टीची.

हस्तलिखितात एखादी आलीच, तर ती बहुधा 3025 सालात घडते. यान मंगळावर उतरतं, यंत्रमानव उलटतो आणि शेवटच्या परिच्छेदात विज्ञान शाप की वरदान याचा निवाडा होतो. यात मुलांचा दोष काही नाही. भविष्य म्हणजे दुसरीकडे कुठेतरी घडणारी गोष्ट, असंच त्यांनी पडद्यावर पाहिलेलं असतं. वऱ्हाडात विज्ञानकथेचं बी पायाखालीच पडलेलं आहे, हे त्यांना कुणीतरी दाखवायला हवं.

पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा घ्या. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत तो पसरला आहे. वर कसदार काळी माती, आणि खाली पाणी असूनही ते खारं. तेच पाणी सतत पिकाला दिलं तर त्यातलं सोडियम मातीची घडण बिघडवतं; जमीन कडक होते, पावसाचं पाणीही मुरेनासं होतं. म्हणून इथला शेतकरी पावसाकडे आणि शेततळ्याकडे पाहतो. हे सगळं या पट्ट्यातल्या सातवीच्या मुलीला पुस्तक न उघडता ठाऊक असतं.

आता तिने एवढंच ठरवायचं, की एका सकाळी गावातल्या एका बोअरचं पाणी गोड झालं. बाकी काही बदलायचं नाही. का झालं, ते शोधायला ती विज्ञानाच्या सरांकडे जाईल. सर सांगतील, की मीठ नाहीसं होत नसतं, ते कुठेतरी जातंच. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातही एका नळीतून गोडं पाणी येतं आणि दुसरीतून आधीपेक्षा जास्त खारं पाणी बाहेर पडतं. मग आपल्या गोष्टीतलं मीठ गेलं कुठे? नाल्यात? नाल्याच्या खालच्या अंगाला कुणाचं वावर आहे? तो माणूस भांडायला आला, तर सरपंच कुणाची बाजू घेईल? इथे मराठीच्या बाईंचं काम सुरू होतं, कारण आता माणसं बोलू लागली. यान नाही, यंत्रमानव नाही, तरी ही अस्सल विज्ञानकथा आहे. एकच गोष्ट बदलायची आणि तिचे परिणाम प्रामाणिकपणे शेवटपर्यंत न्यायचे, एवढीच या प्रकाराची अट.

असे विषय आणखी किती तरी. बीटी कापसाला देशात 2002 मध्ये परवानगी मिळाली. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने तोच कापूस पोखरला, कारण अळीच्या पिढ्यांनी बीटी कापसातल्या विषाला तोंड द्यायची ताकद कमावली होती. उत्क्रांतीचा धडा वावरातच घडला. लोणारचं विवर उल्केच्या आघाताने काळ्या पाषाणात झालेलं, सुमारे 1.8 किलोमीटर रुंद. जून 2020 मध्ये त्यातल्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं, ते मीठ मानवणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे.

राहिली भाषा. बोअरचं पाणी चाखून ती मुलगी ओरडेल, ‘माय वो, पानी गोड लागून रायलं!’ या ओळीखाली लाल शाई ओढू नये. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ, म्हाइंभटांचं ‘लीळाचरित्र’, तेराव्या शतकात अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला सिद्ध झाला, तो बोलत्या माणसांची वाक्यं टिपत. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मधली माणसंही वऱ्हाडीच बोलतात. शिवाय ‘काऊन?’ आणि ‘असं झालं तं?’ हे दोन प्रश्न ज्या बोलीत उठता-बसता विचारले जातात, तिला विज्ञान परकं कसं असेल?

परीक्षकांसाठीही एक दाखला आहे. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानरंजन कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली. लेखक, नारायण विनायक जगताप. कथेला पहिलं बक्षीस मिळालं, आणि मग कळलं की हे जयंत विष्णू नारळीकर. आपल्या नावाची आद्याक्षरं त्यांनी उलटी केली होती. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीच्या हातून लिहून घेतली होती. जगभर नाव असलेल्या खगोलशास्त्रज्ञाला आपली कथा फक्त कथा म्हणून वाचली जायला हवी होती. शाळेतही तेच व्हावं. कोणत्या तुकडीचा, कुणाचा मुलगा, अक्षर कसं, हे बाजूला ठेवून प्रश्न किती खरा आहे आणि उत्तरात कुठे फसवाफसवी झाली आहे का, एवढं पाहावं.

येत्या 28 फेब्रुवारीला अमरावती-अकोल्याच्या शाळांनी प्रदर्शनाच्या दालनात एक बाक गोष्टींसाठी ठेवावा. कागदांवर नावं नसावीत. शेजारी मराठीच्या बाई आणि विज्ञानाचे सर दोघांनीही बसावं, आणि गावातल्या लोकांनी उभ्या-उभ्या वाचावं.